आता आपलाच नंबर

लॉटरीच्या स्टॉलवर विक्रेत्यानं स्वतःहून पुढे केलेलं तिकीट कुणीही घेत नाही. ते त्याला खपवायचं असणार, असा आपला रास्त संशय. गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचंही घेत नाहीत, कारण त्याला आधीच्या दहा गिऱ्हाइकांचे हात लागलेले असतात आणि त्यातला एखादा तरी पनवती असणारच. मग अंगठ्याला थुंकी लावून गठ्ठा पिसायचा, मधलंच एक ओढायचं, शेवटचा आकडा बघायचा आणि शून्य निघालं तर नाक मुरडून परत ठेवायचं. स्टेशनबाहेर एका गृहस्थांच्या हाती असंच एकदा 44444 नंबरचं तिकीट आलं. त्यांनी ते चिमटीत धरून परत केलं.

"हे काय देताय? असं कधी लागतं का?"

"साहेब," विक्रेता म्हणाला, "ते बरं दिसत नाही हे मशीनला कुठं माहितीये?"

गणिताच्या तासाला मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. 44444 लागण्याची शक्यता 47281 इतकीच असते, एक दाणाही कमी नाही. पण आपण आकड्यांच्या दोन जाती केल्या आहेत. एक, सभ्य, चारचौघांत मिसळणारे; दुसरे, विचित्र. सभ्य आकडे संख्येनं इतके जास्त आहेत, की दर सोडतीत त्यांच्यापैकीच कुणीतरी लागतो, आणि आपण समजतो की सभ्यपणामुळे लागला.

विचित्रपणा कसा असतो ते बल्गेरियानं पाहिलं आहे. तिथल्या लॉटरीत 6 सप्टेंबर 2009 ला सहा आकडे निघाले: 4, 15, 23, 24, 35 आणि 42. चार दिवसांनी, पुढच्याच सोडतीत, तेच सहाच्या सहा पुन्हा निघाले. सरकारनं चौकशी लावली. निघालं काहीच नाही. जगभर इतक्या लॉटऱ्या, इतकी वर्षं, इतक्या सोडती. कधीतरी, कुठंतरी असं व्हायचंच होतं. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. पहिल्या वेळी ते आकडे एकालाही जुळले नव्हते. दुसऱ्या वेळी अठरा जणांनी ते बरोब्बर लावले होते. म्हणजे "परवा लागलेलेच लावून बघू" म्हणणारे अठरा महाभाग निघाले, जिंकलेही, आणि बक्षिसाचे अठरा तुकडे होऊन प्रत्येकाच्या हाती त्यातला एक आला.

मुंबईत या शास्त्राचा अभ्यास गिरणगावात चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेनं इथं येत आणि लोक त्यावर पैसे लावत. मटक्यातली ओपन आणि क्लोज ही भाषा तिथली. 1961 मध्ये ते भाव यायचे थांबले. आता कापूसच नाही म्हटल्यावर जुगारही थांबवावा, असं अर्थातच कुणाच्या मनात आलं नाही. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत. पुढे पत्ते आले, मडकं गेलं, नाव तेवढं राहिलं. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा घ्यायचा. पाच, तीन, सहा निघाले तर चौदा, म्हणजे चौका लागला. एवढ्या साध्या गोष्टीवर पाळी संपवून निघालेली अख्खी चाळ डोकं लावायची. स्वप्नात साप दिसला की सापाचा आकडा, प्रेत दिसलं की प्रेताचा. फुटपाथवर बसलेल्या एखाद्या बाबानं कुणाला तीन दगड मारले, तर मार खाणारा कपाळ चोळत चोळत तिर्री लावायला धावायचा. बाबाला उद्याचा आकडा कळत असेल तर तो फुटपाथवर का बसलाय, हा प्रश्न विचारणं तेव्हाही असंस्कृतपणाचं होतं आणि आजही आहे.

लोकांनी मटक्याचा नाद सोडावा म्हणून 1969 मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. हेतू चांगला होता. हिशेब मात्र गमतीचा आहे. मटक्यात सिंगल आकड्याला एकाला नऊ मिळत; दहांतला एक आकडा लागणार, तेव्हा शंभरातले दहा रुपये मटकेवाल्याला सुटायचे. सरकारी तिकिटावर आज नुसता जीएसटीच 40 टक्के आहे. मूळ शंभराचं तिकीट एकशेचाळीसला पडतं आणि वरचे चाळीस सोडतीपर्यंत पोचतच नाहीत. विक्रेत्याचं कमिशन, छपाई, राज्याचा वाटा हे सगळं त्यानंतर. नुसती टक्केवारी बघणाऱ्यानं मटकाच लावला असता. पण टक्केवारी बघणारा मुळात मटकाही लावत नाही, म्हणून दोन्ही धंदे चालले. 1998 च्या लॉटरी कायद्यानं एका आकड्यावर बक्षीस द्यायला बंदी केली, ती या मटक्याच्या सवयीवरचाच उतारा. सरकारनं रोगाला पुरतं ओळखलं होतं; औषध तेवढं त्याच बाटलीतलं दिलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी माणसाचं नशिबाबद्दलचं गणित इतकं चुकतं कसं, याचा मी बराच विचार केला आणि माझ्या मते दोष भिशीचा आहे.

भिशी कशी चालते, ते बघा. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी हजार. स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या, घरातलं सगळ्यात लहान पोर बोलावून एक काढायची. जिची निघाली तिला बारा हजार. तिची चिठ्ठी बाद. पुढच्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या, मग दहा. जिला सहा महिने लागली नाही तिनं "आता माझी जवळ आली" म्हटलं तर ते शंभर टक्के खरं असतं. पहिल्या महिन्यात बारांत एक, सातव्या महिन्यात सहांत एक, अकराव्यात दोनांत एक. बाराव्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी उरते. कुणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पोराला हाक मारतात, डबा हलवतात, चिठ्ठी उलगडतात आणि टाळ्या वाजतात. एवढं न्यायी जग दुसरीकडे कुठं सापडायचं नाही. कुणाची निघाली, कुणाची राहिली हे वहीत लिहिलेलं असतं आणि थांबणाऱ्याचं चीज होतंच होतं.

हाच हिशेब घेऊन आपण लॉटरीच्या दारात जातो. आमच्या सोसायटीचे माजी खजिनदार कित्येक वर्षं दिवाळीच्या भव्यतम सोडतीचं तिकीट घेताहेत. दर दिवाळीला त्यांचं एकच म्हणणं असतं, "एवढी वर्षं भरलेत ना आपण, आता आपलाच नंबर." भरलेत! जणू सरकारदरबारी त्यांच्या नावाचं पासबुक आहे आणि कुणी साहेब चष्मा वर करून म्हणणार आहे, "अरे, या गृहस्थांचं राहिलंच की." लॉटरीत दर सोडतीला सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. यंत्राजवळ वही नसते. वीस वर्षं तिकीट घेणारा आणि आज सुट्टे नाहीत म्हणून दुकानदारानं ज्याच्या गळ्यात तिकीट मारलं तो, दोघं एकाच पायरीवर.

"एका आकड्यानं हुकलं" हेही याच घराण्यातलं. 47281 ला बक्षीस लागलं आणि आपल्याकडे 47282 आहे, यात जवळ असं काही नसतं. 90013 वालाही तितकाच लांब होता. पण 90013 वाल्याला त्याची गोष्ट सांगता येत नाही. 47282 वाला ती नातवाच्या मुंजीपर्यंत सांगतो, वर "ते तिकीट मी हातात घेतलं होतं हो" ही भर दर वर्षी थोडी वाढवत.

इटलीत भिशी नसावी, पण रोग तोच. तिथल्या लोट्टोत दर शहराचं वेगळं चाक असतं आणि नव्वदातले पाच आकडे निघतात, म्हणजे एखादा ठरावीक आकडा निघण्याची शक्यता अठरांत एक. 2003 च्या मे महिन्यानंतर व्हेनिसच्या चाकावर 53 निघेचना. जसजसा उशीर झाला तसतसे लोक त्याच्यावर जास्त पैसे लावू लागले, कारण आता तर येणारच. लोकांनी बचती मोडल्या, कर्जं काढली, काहींनी जीव दिले. एका ग्राहक संघटनेनं तर 53 हा आकडाच सोडतीतून काढून टाका, लोकांना वाचवा, अशी मागणी केली. एकूण साडेतीन अब्ज युरोंच्या वर रक्कम त्या एका आकड्यावर लागल्यावर आणि 182 सोडती हुलकावणी दिल्यावर 9 फेब्रुवारी 2005 ला तो निघाला. त्या दिवशी त्याची निघण्याची शक्यता किती होती? अठरांत एक. पहिल्या दिवशी होती तेवढीच. माँटे कार्लोच्या जुगारघरात 1913 साली रूलेटच्या चाकावर सलग सव्वीस वेळा काळा आला, तेव्हाही लोक लालवर पैसे ओतत सुटले होते. काळ्यावर लावणाऱ्याचं तरी काय मोठं डोकं होतं म्हणा.

आपल्याकडे हे गणित जुगारापुरतं राहत नाही, तिथं मात्र हसू थांबतं. "तीन मुली झाल्या, आता मुलगाच" हे वाक्य म्हणणाऱ्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. चौथीही मुलगीच झाली की तिचं नाव नकुशा. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. त्यांच्या घरी कुणी मटका खेळत नसेलही.

बरं, "आम्ही नाही बाबा लॉटरी-बिटरी घेत" म्हणणाऱ्या पांढरपेशांकडे वळू. त्यांची सोडत म्हाडाची. 2024 मध्ये मुंबई मंडळाची 2030 घरं निघाली आणि अर्ज आले लाखाच्या वर. सरासरी पन्नासांहून जास्त जणांत एक. लॉटरीच्या मानानं हे फारच सरळ प्रकरण; वर अनामत रक्कम परत मिळते, तेव्हा हा जुगार नव्हेच. पण वागणूक बघा. जो माणूस स्टॉलवरच्या गिऱ्हाइकाला अडाणी म्हणतो, तो अर्ज ऑनलाइन भरताना "सबमिट"वर बोट ठेवून राहुकाळ संपायची वाट बघतो. सोडतीच्या मंगळवारी सिद्धिविनायकाला जाऊन येतो. तिथं त्याच्या पुढे-मागे उभे असलेले सगळे त्याच घरासाठी आलेले असतात, हे बाप्पाच्या दृष्टीनं किती अडचणीचं आहे याचा कुणी विचार करत नाही. आणि नाव आलं नाही, की "आमचा सातवा अर्ज होता हो, या वेळी यायलाच हवं होतं." पुन्हा भिशी!

काही दुकानं नशीबवान असतात, असंही मानतात. "आमच्याकडील तिकिटाला 50 लाख" असा फलक लागला, की दुसऱ्या दिवसापासून तिथं रांग. रांग लागली की तिकिटं जास्त खपतात. जास्त खपली की पुढचं मोठं बक्षीसही त्याच दुकानातून जाण्याची शक्यता वाढते. मग दुसरा फलक लागतो, रांग रस्त्यावर येते. दुकानाचं नशीब खरोखरच उघडतं. गिऱ्हाइकाचं होतं तिथंच राहतं. या सगळ्या व्यवहारात डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच, गल्ल्यावर बसलेला. तो स्वतः तिकीट घेत नाही.

फलकाचं काम वर्तमानपत्रंही करतात. विजेत्याचा हारतुरे घातलेला फोटो आपण बघतो. हरलेल्यांचेही छापावेत अशी माझी सूचना आहे. दहा लाख तिकिटं खपली आणि पहिलं बक्षीस एक, असं धरू. उरले नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. पानावर शंभर फोटो बसवले तरी दहा हजार पानं लागतील. सोळा पानी दैनिक, जाहिरात नाही, राशिभविष्य नाही, नुसते पडलेले चेहरे, असे 625 अंक. पावणेदोन वर्षं रोज सकाळी चहाबरोबर ते बघितल्यावर किती जण तिकीट घेतील, हे बघण्यासारखं होईल. माझा अंदाज, थोडे वाढतील. "एवढ्यांना नाही लागली, म्हणजे आता आपल्यालाच."

योगायोगावरचा आपला भाबडा विश्वास हा याचाच भाऊ. आमच्या सोसायटीत दोन बिऱ्हाडांतल्या दोन माणसांचा वाढदिवस एकाच तारखेला निघाला. झालं, मागच्या जन्मीचे ऋणानुबंध, म्हणून एकच केक कापला. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर कळतं, की कुठल्याही तेवीस माणसांत अशी एखादी जोडी निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. पन्नास माणसं जमली तर सत्त्याण्णव टक्के. आमच्या सोसायटीत माणसं दोनशेवर. अशी जोडी निघाली नसती तर तो चमत्कार झाला असता आणि त्यासाठी खरं तर सत्यनारायण घालायला हवा होता. मी हे बैठकीत मांडलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही ना, केक घ्या."

एकोणपन्नासांतून सहा आकडे निवडायच्या लॉटरीत एकूण 1,39,83,816 प्रकारे निवड करता येते. आठवड्याला एक तिकीट घेतलं, तर तेवढ्या सोडती व्हायला दोन लाख अडुसष्ट हजारांहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे पहिलं तिकीट अश्मयुगात काढायला हवं होतं, आणि मधे एकही आठवडा चुकवायचा नाही, भूकंप असो की हिमयुग. एवढं करूनही आज सकाळपर्यंत लागलेली नसण्याची शक्यता साधारण सदतीस टक्के उरते. भिशीत असं झालं असतं तर बायकांनी संचालिकेला घेराव घातला असता.

आणि समजा लागलीच, तर दारात पहिला पाहुणा आयकर खातं. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ तीस टक्के, वर उपकर; मोठी रक्कम असली तर अधिभार. बाकीचं उत्पन्न शून्य असलं तरी सवलत नाही. आजवर फुकट गेलेल्या तिकिटांचा खर्च वजा करून द्या म्हणाल, तर तेही कायद्यात बसत नाही. ज्याच्या घरात तिकिटांनी भरलेला बुटाचा खोका आहे, त्यानं हे कलम वाचू नये.

हे सगळं मी माजी खजिनदारांना एका संध्याकाळी कट्ट्यावर समजावलं. टक्केवारी त्यांना पटेना. तेव्हा मी महाभारतात शिरलो. आपल्याकडे शेवटी तिथंच जावं लागतं. वनपर्वातला नळ. द्यूतात राज्य घालवून बसलेला, बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वर्दी येते आणि दोघं रथ हाकत विदर्भाकडे निघतात, कुंडिनपूरला. म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, असं लोक मानतात. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, हे लक्षात घ्या, असं मी मुद्दाम थांबून सांगितलं. ऋतुपर्ण झाडाकडे नुसतं बघतो आणि दोन फांद्यांवर पानं किती, फळं किती हे सांगून टाकतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजत बसतो. आकडा बरोब्बर जुळतो. मग नळ म्हणतो, ही विद्या मला द्या, बदल्यात घोड्यांची विद्या घ्या. आणि ऋतुपर्ण जी विद्या देतो ती फाशांचीही आणि मोजण्याचीही. बघा खजिनदार, मी म्हटलं, हजारो वर्षांपूर्वी आपल्या लोकांना कळलं होतं, की फाशांचं मर्म मंत्रात नाही, मोजदादीत आहे. ती शिकल्यावरच नळ पुन्हा द्यूताला बसला. त्याआधी नाही.

खजिनदार बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, पोचलं.

"फळं किती निघाली म्हणालात?"

"किती ते नाही म्हणालो. दोन हजार पंचाण्णव. का?"

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं. "दोन, शून्य, नऊ, पाच. सोळा. एक आणि सहा, सात." मान डोलावून ते उठले. "सात मला चालतो. शेवटचे चार आकडे हेच असलेलं मिळतं का बघतो. आणि पानं किती हो होती?"

"पाच कोटी."

"बक्षीस तेवढं नसतं," ते म्हणाले, "पण शकुन चांगलाय."